लिटरला दहा युनिट का तीन? जनरेटरच्या डिझेलचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरकडं मंगल कार्यालय, ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर. मालकांनी मोबाईलवर बघितलं की एक लिटर डिझेल म्हणजे दहा युनिट, आणि ऑपरेटरच्या वहीत एका लग्नाला ८ तास, ९६ युनिट, ४२ लिटर असं लिहिलंय, म्हणजे लिटरला अडीचसुद्धा पडत नाहीत. मग पोरगं डिझेल काढायलंय का? जाता जाता असंही विचारलंय की भट्टीचा गॅस बंद करून इंडक्शन केलं तर एका टाकीला किती युनिट धरायचे, आणि इलेक्ट्रिक स्कूटरचा लिटरचा हिशोब कसा लावायचा.

भाऊ, आधी त्या पोराला काही बोलू नका. तुमचे दहाही बरोबर आहेत आणि त्याचे सव्वादोनही बरोबर आहेत, दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टीचे आहेत एवढंच. मी जनरेटर आणि पॅनलचंच काम करतो, लातूर-नांदेड-परभणी पट्ट्यात, आणि ह्या एका आकड्यावरून मालक आणि ऑपरेटरची भांडणं लई ठिकाणी बघितलीत.

दहा कुठून आले ते आधी बघू. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट अवर, म्हणजे ३.६ मेगाज्यूल, जुन्या मापात ८६० किलोकॅलरी. हे ठरलेलं आहे, ह्यात घासाघीस नाही. डिझेल मात्र आपण लिटरमध्ये घेतो आणि त्याच्यातली उष्णता असते किलोवर, त्यामुळं मधे घनता आणावी लागते. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरतं. एका किलोत धरा ४३ मेगाज्यूल. ०.८३ गुणिले ४३ म्हणजे ३५.७ मेगाज्यूल, त्याला ३.६ नं भागलं की ९.९. हे झाले तुमचे दहा युनिट. काही ठिकाणी साडेदहा किंवा त्याच्याही थोडं वर दिसंल, तर गोंधळू नका, जळताना जे पाणी तयार होतं त्याची वाफ परत थंड करून तीही उष्णता मोजली की आकडा वाढतो, पण तुमच्या सायलेन्सरमधून ती वाफ गरमच निघून जाते त्यामुळं आपल्या कामाला दहाचाच आकडा धरायचा.

पण हे दहा युनिट उष्णतेचे. म्हणजे ते डिझेल जाळून सगळीच्या सगळी उष्णता पकडता आली असती तर. तुम्हाला उष्णता नको, लाईट पाहिजे, आणि उष्णतेची लाईट करताना इंजिन आपला वाटा खातं. ऊस वजनावर जातो पण साखर उताऱ्यावर पडते, तसंच हे, लिटर म्हणजे ऊस आणि युनिट म्हणजे साखर. चांगला चालणारा सेट, पुरेसा लोड असला तर, दहातले साडेतीनच्या आसपास वायरीत देतो. तीनएक युनिट सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जातात, जवळपास तेवढेच रेडिएटर आणि इंजिनच्या अंगावरून हवेत जातात, आणि थोडे अल्टरनेटर (इंजिनला जोडलेला, वीज तयार करणारा भाग) स्वतः गरम होऊन खातो. कॅनोपीच्या (सेटवरच्या लोखंडी पेटीच्या) मागं उभं राहून बघा, जी झळ अंगावर येते ती तुमच्याच पैशाची आहे.

आणि हे काय फक्त छोट्या इंजिनचं नाही बरं का. परळीच्या थर्मलसारख्या २५० मेगावॅटच्या कोळशावरच्या युनिटचं गणित घेतलं तरी एक युनिट वीज काढायला साधारण २४०० किलोकॅलरीचा कोळसा जाळावा लागतो, युनिटमध्ये असतात ८६०. म्हणजे तिथंही तिसऱ्या हिश्श्याच्या थोडंच वर. बाकीची उष्णता फेकायला पाणी लागतं, म्हणून तर २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा असून उपयोग नाही, उष्णता टाकायची कुठं?

आता मुद्द्यावर. साडेतीनचा आकडा हा पाऊण लोडचा आहे, आणि तुमचं ऑपरेटरशी जे बिनसायलंय ते इथंच. ६२.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरनं (केव्हीएतला खरोखर कामाला येणारा हिस्सा) ५० किलोवॅट. तुम्ही ८ तासात ९६ युनिट वापरले म्हणजे सरासरी १२ किलोवॅट. पाव लोडसुद्धा नाही! पूर्वी हॅलोजन होते, एकेक पाचशे-हजार वॅटचा, मंडपात वीस लावले की तेवढ्यालाच दहा-वीस किलोवॅट जायचे. आता सगळं एलईडी झालंय, लोड गेला खाली, आणि सेट तोच राहिला.

इंजिनला मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या स्पीडनं नुसतं फिरायलाच डिझेल लागतं. एकही दिवा लावू नका, तुमच्या साईझचा सेट तासाला दोन-सव्वादोन लिटर पिणारच, स्वतःचं घर्षण, पंखा, पाण्याचा पंप ह्याच्यासाठी. त्याच्यावर मग जितके युनिट काढाल तितके, दर युनिटला पाव लिटरच्या थोडं आत. म्हणून मी कधीच लिटरला किती युनिट असं एका आकड्यात धरत नाही, दोन तुकड्यात धरतो: तास गुणिले २.२, अधिक युनिट गुणिले ०.२३. हे तुमच्या साईझच्या बऱ्या स्थितीतल्या सेटचे आकडे, जुना असंल तर दोन्ही थोडे वर.

तुमचंच लग्न ह्याच्यात टाकून बघा. ८ तास गुणिले २.२ म्हणजे १७.६ लिटर, हे नुसतं फिरण्याचं. ९६ गुणिले ०.२३ म्हणजे २२ लिटर. बेरीज चाळीसला थोडं कमी. पोरानं लिहिलंय ४२. दोन लिटरचा फरक तर कॅननं भरताना, माप वाचताना होतो. पोरगं सरळ आहे. ह्याच हिशोबानं चाळीसच्या जागी पंचावन्न लिहिलं असतं तर मात्र मी म्हटलं असतं की बसून विचारा.

लोड वाढवला की तोच सेट कसा सुधारतो तेही बघा: १० किलोवॅटवर लिटरला २.२, २५ वर ३.१, ४० वर साडेतीन. इंजिन तेच, डिझेल तेच. ९० रुपयाचं डिझेल धरलं तर तुमचा सध्याचा युनिट पडतो ३९ रुपयाला, तोच ४० किलोवॅटवर पडला असता २६ ला. आणि हे नुसतं डिझेल, ऑईल-फिल्टर-सर्व्हिस वेगळी.

आता मोजायचं कसं, कारण निम्मी भांडणं मोजण्यातच होतात.

टाकीवरच्या गेजवर विश्वास ठेवू नका, तो अर्धा-पाऊण सांगायला असतो. टाकी गळ्यापर्यंत भरा, फेस बसू द्या (डिझेलला फेस येतो, घाईत भरलं की दीड-दोन लिटर कमी बसतं), सेट चालवा, आणि परत त्याच गळ्यापर्यंत मापाच्या कॅननं भरा. जेवढं बसलं तेवढं जळालं. पण लगेच भरू नका. इंजिन पंपातून जास्तीचं डिझेल रिटर्न लाईननं टाकीत परत सोडतं आणि ते गरम असतं, सहा-आठ तास चाललं की टाकी हाताला चांगली तापलेली लागते. डिझेल दर डिग्रीला साधारण ०.०८ टक्के फुगतं. २० डिग्री चढली तर शंभर लिटरच्या टाकीत दीड लिटरपेक्षा जास्त नुसतं फुगून वाढतं, म्हणजे जळालेलं कमी दिसतं, आणि सकाळी गार झाल्यावर तेच डिझेल कमी झालेलं दिसतं. मग मालक म्हणतो रात्रीतून कुणी काढलं. कुणी नाही काढलं, गार झालं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो तेव्हा उन्हातल्या ड्रमचंही हेच, भरदुपारी उन्हातल्या पिंपातून मापलेलं लिटर हे सकाळच्या लिटरपेक्षा वजनाला हलकं असतं. पेट्रोल पंपावर टाकी जमिनीत असल्यामुळं तिथं एवढा फरक पडत नाही.

युनिटच्या बाजूला त्याच्यापेक्षा मोठा घोळ होतो. तुमच्या पॅनलवर डिजिटल मीटर असंल तर त्याच्यात बटन दाबत गेलं की पानं बदलतात, एकावर केडब्ल्यूएच (हेच आपले युनिट) असतं, एकावर केव्हीएएच (पॉवर फॅक्टर न धरता मोजलेलं). ऑपरेटरनं केव्हीएएचचं पान वाचलं तर आकडा मोठा येतो आणि सेट फुकट लई भारी वाटतो. आपल्याला केडब्ल्यूएच पाहिजे. दुसरं म्हणजे सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मीटरला झेपेल एवढा लहान करून देणारी वायरीवरची रिंग. तुमच्या सेटचा फुल लोड करंट ८७ अँपिअर, म्हणजे १०० बाय ५ ची सीटी असणार, आणि मीटरच्या सेटिंगमध्ये तोच रेशो भरलेला पाहिजे. पॅनल बसवताना कुणी तिथं ५० बाय ५ तसंच ठेवलं तर मीटर निम्मे युनिट दाखवतो, ९६ च्या जागी ४८, आणि लिटरला एकच्या थोडं वर युनिट असा हिशोब यायला लागतो. असा आकडा दिसला की चोर शोधायच्या आधी सीटी बघायची. नांदेडच्या मोंढ्यातल्या एका गोडाऊनला ह्याच कारणानं ऑपरेटर काढून टाकला होता, नव्यानंही तेच आकडे दिले तेव्हा आम्हाला बोलावलं.

पडताळा घ्यायचा सोपा मार्ग क्लॅम्प मीटर, वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा. तिन्ही फेजला लावून बघा, साधारण वीस-वीस अँपिअर दिसले तर १.७३२ गुणिले ४१५ गुणिले २० गुणिले पॉवर फॅक्टर ०.८५, म्हणजे बारा किलोवॅट. तुमच्या वहीच्या ९६ ला हे जुळतंय का बघा. फेज लई वरखाली असतील, एकावर ३५ आणि एकावर ८ असं, तर ते आधी सरळ करून घ्या, डेकोरेशनवाले सगळं एकाच फेजवर टांगतात.

आणि स्वतःच्या सेटचे ते दोन आकडे, २.२ आणि ०.२३, हे स्वतः काढता येतात. लग्न नसलेल्या दिवशी एक तास बिनलोडचा चालवा, किती लागलं मोजा. मग वऱ्हाडाच्या खोल्यांतले सगळे गीझर नळ सोडून चालू करा. गीझर म्हणजे फुकटचा टेस्टिंग लोड, पंख्या-मोटारीसारखा वरखाली होत नाही आणि पॉवर फॅक्टर एक. दोन किलोवॅटचे आठ असले तर १६ किलोवॅट सरळ उभा राहतो (पाणी तापून थर्मोस्टॅटनं गीझर बंद होऊ नयेत म्हणून नळ वाहता ठेवायचा, पाणी परत हौदात घ्या, आपल्याकडं पाणी असं सोडून द्यायची सोय नाही). दोन तास चालवा, डिझेल मोजा, त्यातनं बिनलोडच्या दोन तासाचं वजा करा, राहिलं त्याला युनिटनं भागा. झाला तुमचा आकडा. हे एकदा पॅनलच्या दारावर मार्करनं लिहून ठेवा.

कमी लोडवर चालवण्याचं दुसरंही दुखणं आहे. इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आणि सायलेन्सरच्या जोडातून काळं चिकट तेल गळायला लागतं. बरेच जण ते बघून इंजिन खोलायला काढतात. आधी गीझर लावून तास-दोन तास चांगल्या लोडवर पळवा, बऱ्याच वेळा तेवढ्यानं निघतं. तीस टक्क्याच्या खाली सेट तासन्‌तास ठेवायचा नसतो.

मग लहान सेट घ्यायचा का? इथं जरा थांबा. २५ केव्हीए घेतला तर तुमचा १२ किलोवॅट तो तासाला चार लिटरात काढंल, आत्ता पाचच्या आसपास लागायलंय. म्हणजे तासाला एक लिटर, ९० रुपये वाचले. वर्षाला ३०० तास जनरेटर चालत असंल तर २७ हजार. नवा सेट येतो लाखांत, वर फाउंडेशन, केबल, चेंजओव्हर स्विच. नुसत्या डिझेलच्या बचतीवर तो लवकर फिटत नाही, विकणारा काही म्हणो. सीझनमध्ये भाड्यानं आणणं परवडंल, किंवा मोठा सेट विकायचाच असंल तर गोष्ट वेगळी.

तुमच्याकडं एवढा मोठा सेट मुळात आला कशामुळं, ते मी न बघता सांगतो: बोअरची मोटार. साडेसात एचपीची सबमर्सिबल चालताना थोडाच करंट घेते पण डायरेक्ट स्टार्टला पाच-सहापट, साठ अँपिअरच्या वरचा झटका मारते. २५ केव्हीएचा फुल लोडच ३५ अँपिअर, तो बसणार. त्या एका झटक्यासाठी ६२.५ घेतला गेला. लाईट असताना टाक्या भरून घ्या, नाहीतर सॉफ्ट स्टार्टर (मोटार हळूहळू चालू करणारं यंत्र) लावा, मग लहान सेटचा विचार करता येतो. उन्हाळ्यात तसंही बोअर बंद आणि टँकर चालू असतो बऱ्याच जणांचा.

आता गॅस. तुमची कमर्शियल टाकी १९ किलोची. एलपीजीच्या किलोत १२.७ युनिट, म्हणजे टाकीत २४० युनिट, घरच्या १४.२ किलोच्या टाकीत १८०. हे परत उष्णतेचे. पण इथं काम उष्णतेचंच आहे त्यामुळं मधे इंजिन नाही, नुकसान फक्त भांड्याच्या कडेनं जाणाऱ्या ज्वाळेचं. आचाऱ्याच्या मोठ्या भट्टीत, वारा लागत असताना, निम्मंच भांड्यात जातं म्हणा. १२० युनिट. इंडक्शन ८५ टक्के भांड्यात देतं, म्हणजे एका टाकीला १४० युनिट धरा, आणि तुमच्या बिलात सगळं मिळून युनिट जो पडतो त्यानं गुणा, टाकीच्या भावाशी ताडून बघा. पण त्याआधी मंजूर लोड बघा. एक मोठी भट्टी तासाला किलोभर गॅस जाळत असंल तर तिच्या जागी सात-साडेसात किलोवॅटचं इंडक्शन लागतं, अशा सहा भट्ट्या म्हणजे ४५ किलोवॅट नुसत्या स्वयंपाकाला. आणि पंगत बसायच्या वेळेला लाईट गेली तर हे १४० युनिट डिझेलवर काढायला चाळीसच्या वर लिटर. डिझेल जाळून वीज, आणि विजेनं परत उष्णता, हा उलटा धंदा कशाला करायचा, गॅस राहू द्या. चहा-दूध-नाश्त्याला एखादं इंडक्शन ठेवा फार तर.

स्कूटरचं मात्र बरोबर उलटं निघतं. पेट्रोलच्या लिटरात नऊला थोडे कमी युनिट, इथेनॉल २० टक्के मिसळलेल्यात ८.३ च्या आसपास, कारण इथेनॉलच्या लिटरात सहासुद्धा नसतात. लिटरला ५० जाणारी स्कूटर घ्या. तेवढंच अंतर इलेक्ट्रिकवाली चार्जिंगचं नुकसान धरून दीड-पावणेदोन युनिटात कापते. म्हणजे रस्त्यावर एक लिटर बरोबर दीड-पावणेदोन युनिट! विहिरीवरच्या डिझेल इंजिनचं तिसरंच: पाच एचपीचं इंजिन तासाला लिटरभर किंवा थोडं जास्त पितं, त्याच कामाला इलेक्ट्रिक मोटार साडेचार युनिटच्या आसपास घेते, म्हणजे तिथं लिटर बरोबर चार. त्यामुळं कुणी लिटरचे युनिट विचारले की मी आधी विचारतो, लाईट काढायची, पाणी उपसायचं का गाडी पळवायची. दहाचा आकडा फक्त जाळून शेकायचं असंल तर.

सोलरचं तुम्ही विचारलं नाही पण विचारणारच, म्हणून एवढंच: एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चारएक युनिट धरा, पण लाईट गेल्यावर जनरेटरच्या जोडीला सोलर चालवायचं असंल तर मधे कंट्रोलर लागतोच. नाहीतर भरदुपारी सोलर सगळा लोड उचलतं, जनरेटरवर काहीच राहत नाही, परत तेच काळं तेल, आणि जास्तीची वीज सेटमध्ये उलटी घुसली तर सेट ट्रिप. बसवणाऱ्याकडून हे आधी लिहून घ्या.

वहीत पोराला आजपासून पाच गोष्टी लिहायला सांगा: सुरू करतानाचं आणि बंद करतानाचं अवर मीटर, तसंच दोन्ही वेळचं केडब्ल्यूएच, आणि गार झाल्यावर गळ्यापर्यंत बसलेलं डिझेल. ती गीझरवाली टेस्ट झाली की आकडे पाठवा, आणि सोबत मीटरच्या सीटी सेटिंगच्या पानाचा फोटो आणि सीटीवरच्या पट्टीचा फोटो, दोन्ही.